उगवतीकडची खिडकी

वरठीच्या नव्या घरात मी शिरलो तो अर्धा झोपेतच. नागपूरच्या दवाखान्यातून निघताना नर्सनं एक छोटी उशी दिली होती. खोकला आला की ती छातीवर दाबून धरायची, म्हणजे टाके ओढत नाहीत. ती उशी पोटाशी घेऊन मी गाडीत बसलो आणि मौदा यायच्या आतच डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी एका लोखंडी फाटकासमोर उभी होती, दिवस बुडून गेला होता आणि माझा मुलगा 'बाबा, हळू उतरा' म्हणत हात पुढे करून उभा होता. समोर दार दिसलं. आमच्या गावच्या घराचं दार उगवतीला आहे. तेव्हा हेही दार उगवतीलाच असणार, असं मी काही मनाशी ठरवलं नाही. ते माझ्या नकळत ठरून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन मागच्या बाजूनं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आलं.

मला पहिल्यांदा राग आला तो सूर्याचाच. इतकी वर्षं हा गृहस्थ कधी चुकला नाही आणि नेमका आजच मावळतीकडून उगवायला निघाला. पलंगावर पडल्या पडल्या मी त्या उन्हाकडे बघत राहिलो. मग वाटलं, गोळ्यांची गुंगी असेल. दवाखान्यातून सोडताना सांगितलंच होतं की मोठ्या ऑपरेशननंतर काही जणांना थोडे दिवस गोंधळल्यासारखं होतं, घाबरायचं नाही. मी घाबरलो नाही. चहा घेतला, पुन्हा झोपलो. उठलो तरी ऊन चुकीच्याच बाजूला होतं.

हे ज्यांच्या बाबतीत झालेलं नाही त्यांना कसं सांगावं ते मला अजून कळत नाही. सूर्य दिसतो. तो जिथून निघाला ती उगवती, हे शेंबड्या पोराला कळतं, ते मलाही कळत होतं. पण आत कुठेतरी जे बसलेलं असतं ते हलायला तयार नव्हतं. डोळे मिटले की दार उगवतीला जाई आणि स्वयंपाकघर मावळतीला. डोळे उघडून हिशेब केला की घर बरोबर बसे. पुन्हा डोळे मिटले की झालं.

आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याखाली. तिकडे डावं-उजवं हे बैलांपुरतं असतं, माणसांचं काम दिशांवर चालतं. धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, वेढलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. आमच्या बांध्यांना वेगळी नावं नाहीत. उगवतीची बांधी, मावळतीची बांधी, बोडीकडची, म्हणजे गावतळ्याकडची बांधी, संपलं. जेवताना मीठ मागितलं तर 'ते काय, तुमच्या उगवतीले' असं उत्तर येतं आणि हात न बघता तिकडे जातो. पाठीला खाज सुटली आणि आपला हात पोचत नसला, तर मी बायकोला म्हणायचो, जरा उगवतीकडे खाजव. तिची बोटं बरोबर तिथं जायची. शहरातले लोक ऐकून हसतात. हसोत. आम्हाला त्यात कधी काही विशेष वाटलं नाही, आणि म्हणूनच दिशा गेली की आमच्यासारख्याचं काय होतं हेही कधी मनात आलं नव्हतं.

मला गावाला परत जायचं होतं. बाकी सगळं मी या एका गोष्टीसाठी सोसत होतो. छातीत पहिली कळ आली ती खळ्यावर, धान चुरणं चालू असताना, आणि तिथून जो उचलला गेलो तो सरळ नागपूरला. घराचं दार मी स्वतः ओढून घेतलं नव्हतं, बोडीकडे एकदा बघितलंही नव्हतं. मुलगा वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात नोकरीला, त्यानं लेआउटमध्ये दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं घर बांधलेलं, स्टेशन जवळ, नागपूरला तपासणीला जायला सोयीचं. त्यानं आईला सांगून आमची भांडीकुंडी, गाद्या, देव, सगळं मी दवाखान्यात असतानाच हलवलं होतं. मला विचारलं नाही. मी तेव्हा नळ्या लावून पडलो होतो, विचारणार तरी कोणाला, हे त्याचं म्हणणं. म्हणणं चूक नव्हतं, पण मला पटलं नाही. शेवटी आमच्यात एक बोली झाली. मृगापर्यंत तब्येत ठीक राहिली, काही भलतंसलतं झालं नाही, तर डॉक्टरांना विचारून तो आम्हाला गावाला सोडून देईल. माझ्या धाकट्या भावानं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकावेत, रोवणीला मी धुऱ्यावर खुर्ची टाकून बसेन, चिखलात उतरणार नाही, असं मीही कबूल केलं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, तुमी म्हणाल तसं. ती नेहमीच तसं म्हणते, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

तेव्हा दिशा फिरल्याचं कोणाला सांगायची सोय नव्हती. मुलाच्या कानावर गेलं असतं तर त्यानं दुसऱ्याच दिवशी मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं, आणि मग कसला मृग आणि कसली रोवणी.

हृदयाचा पेशंट म्हणजे घरात आणून ठेवलेलं काचेचं भांडं. कोणीही येतं आणि ते कुठे ठेवायचं यावर मत देतं. भेटायला येणारा प्रत्येक जण कोणा ना कोणा पेशंटची हकीकत सांगे, आणि निम्म्या हकीकतींतला पेशंट शेवटी मरे. मग सांगणाऱ्याच्या लक्षात येई आणि तो घाईघाईनं म्हणे, पण त्याचं वेगळं होतं. वजन उचलायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही, मीठ नाही, तेल दिसेल न दिसेल इतकंच. आंघोळीला बसलो तर बायको दाराबाहेरून दर थोड्या वेळानं हाक मारी, आणि मी 'हाव' म्हणेपर्यंत तिथून हलत नसे. माझ्या छातीवर वरपासून खालपर्यंत उभी शिवण. आरशात बघितलं की पोत्याचं तोंड शिवल्यासारखं वाटे. हा माणूस मीच का, आणि मी असलो तर आता कशाच्या कामाचा, ते काही केल्या समजत नव्हतं. कधी नुसतंच रडू येई. कशाचं ते सांगता येत नसे. डोळ्यांत काही गेलं म्हणायचं.

त्यात उशीचं प्रकरण सुरू झालं. दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात भिनवलेलं असतं. ती यमाची दिशा. एरवी मी काही फार देवभोळा नाही, पण नुकताच छाती फाडून घेऊन परत आलेला माणूस यमाकडे पाय करून पडायला तयार होत नाही. बायकोनं पलंगाच्या एका टोकाला माझी उशी मांडलेली. मी आडवा झालो की मला वाटे, पाय थेट दक्षिणेला. ती स्वयंपाकघरात गेली की मी उशी उचलून दुसऱ्या टोकाला टाकी. ती आली की काही न बोलता पुन्हा पहिल्या टोकाला ठेवी. मी पुन्हा फिरवी. एकदा मुलानं हे पाहिलं आणि विचारलं, बाबा, हे काय चाललं? मी म्हटलं, पंख्याचा वारा लागत नाही. पंखा बरोबर मधोमध होता. मुलगा पंख्याकडे बघत राहिला आणि मग आईकडे. ती धुण्याच्या घड्या करत होती, तिनं मान वर केली नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. एकदा मी एकटाच निघालो. चौकातल्या टपरीपर्यंत जायचं, बाकावर बसायचं आणि परत यायचं. चौकाऐवजी रेल्वेच्या रुळांपाशी निघालो. परत फिरलो तर सगळ्या गल्ल्या सारख्या. कारखान्याची पाळी सुटली होती, सायकली आणि मोटारसायकली अंगावरून जात होत्या. एका सायकलवाल्याला थांबवून मी आमची गल्ली विचारली. कोणतं घर, म्हणाला. मी म्हटलं, फाटक लोखंडी आहे आणि दार उगवतीला आहे. तो भला माणूस विचारात पडला. म्हणाला, काका, त्या ओळीत तर एकही दार पूर्वेला नाही, सगळी पश्चिमेला आहेत. मी म्हटलं, असं कसं, मी राहतो ना तिथं. त्यानं माझ्या सदऱ्याच्या वरच्या बटणापाशी दिसणारी शिवण पाहिली, वाद घातला नाही, सायकल हातात धरून मला फाटकापर्यंत सोडलं. बायको म्हणाली, आज लय वेळ लागला. मी म्हटलं, मुद्दाम लांबून आलो, व्यायाम बरा होतो.

संध्याकाळी मी बाहेर खुर्ची टाकून बसे. गाड्यांचे आवाज येत, घरांच्या फटीतून डबे पळताना दिसत. मी गावाकडे तोंड करून बसायचो. तुमसर या बाजूला, त्याच्या पुढे आंबागड, आता तिकडे गुरं परतली असतील, बोडीच्या पाळीवर बगळे बसले असतील, असा विचार करत करत माझा जीव जरा शांत होई. एकदा शेजारचे रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ येऊन बसले. एक गाडी गेली. मी म्हटलं, ही गोंदियाकडे चालली. ते म्हणाले, नाही हो, ही नागपूरला. मी हसून सोडून दिलं, पण मग लक्षात आलं. म्हणजे इतके दिवस मी रोज संध्याकाळी गावाकडे म्हणून जे बघत होतो, तो नागपूरचा रस्ता होता. दवाखान्याकडे तोंड करून मी गावाची आठवण काढत होतो. त्यानंतर मी खुर्ची फिरवून बसून पाहिलं. पण ज्या बाजूला गाव आहे असं आतून वाटतच नाही, तिकडे बघून आठवण कशी येणार?

दिवसा, डोकं शांत असताना, मी जमवून घ्यायला शिकलो. मनात उगवती आली की ती उलटवायची. हळूहळू सवय होईल असं वाटत होतं.

मग ती दुपार आली. मृगाला फार दिवस राहिले नव्हते, ऊन रखरखीत होतं. बायको भाजी आणायला गेली होती. मी पलंगावर बसून संत्र्याच्या फोडी सोलत होतो आणि छातीत कळ आली. खळ्यावर आली होती तशीच. घाम सुटला. अशा वेळी जिभेखाली ठेवायची गोळी घरात होती, ती कुठे ठेवली ते मला सांगूनही झालं होतं, पण त्या क्षणी काही आठवेना. फोन हाताशी होता. बायकोला लावला.

"गोळी कुठी आहे?"

"उगवतीच्या खिडकीत, स्टीलच्या डबीत," ती म्हणाली. "दुखून राहिलं काय? मी आलीच."

मी उठलो आणि भिंतीला धरून उगवतीच्या खिडकीकडे गेलो. हिशेब वगैरे काही केला नाही. कळ आलेला माणूस हिशेब करत नाही, पाय नेतील तिकडे जातो, आणि माझ्या पायांना उगवती एकच माहीत होती. दाराशेजारच्या खिडकीपाशी जाऊन मी फळीवर हात फिरवला. कंगवा होता, उदबत्तीचा पुडा होता, मुलाच्या हेल्मेटची काच पुसायचं फडकं होतं. डबी नव्हती. मी पुन्हा हात फिरवला. उदबत्तीचा पुडा खाली पडला. वाकायची हिंमत झाली नाही. फोनमध्ये मी म्हटलं, नाही इथं. ती पळतच बोलत होती, 'नीट पाहा, म्या सकाळीच पाहिली तिथं.' मी पुन्हा तीच फळी चाचपली. तेव्हा वाटलं, आता गाव राहिलं. बोडी राहिली. भीतीपेक्षा मला त्याचंच वाईट वाटत होतं.

ती आली. पिशवी फाटकातच टाकली असावी, कारण आत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते. मी दाराशेजारच्या खिडकीला धरून उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि एक क्षण, फार तर एकच, ती तशीच थांबली. मग मागे स्वयंपाकघरात गेली, तिथल्या खिडकीतून डबी आणली आणि गोळी माझ्या जिभेखाली ठेवली. मला खाली बसवलं. पदरानं माझं तोंड पुसलं. मी काही बोलू लागलो तर म्हणाली, आता बोलू नका.

मुलगा कारखान्यातून तडक आला, आम्ही नागपूरला गेलो. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की हृदयाला काही झालेलं नाही, कापलेलं हाड जुळताना असं दुखू शकतं, गोळी घेतली ते बरं केलं. रात्रभर ठेवून घेऊन त्यांनी आम्हाला सोडलं. निघता निघता मी गावाचा विषय काढला. ते म्हणाले, जा की, नांगर धरू नका म्हणजे झालं.

म्हणजे मी पास झालो होतो. पण परतीच्या वाटेवर मुलगा आईवर चिडला. गोळीसारखी गोष्ट जागेवर नको का, बाबांनी शोधली, सापडली नाही, तू अशी कशी ठेवतेस, असं बरंच बोलला. तो घाबरला होता, त्यातून ते निघत होतं. ती मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसली होती. गोळी जागेवरच होती, एवढं एक वाक्य ती बोलू शकली असती. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मीही बोललो नाही. माझ्या मांडीवर ती छातीवर धरायची उशी होती, तिचा कोपरा मी उगाच पिळत होतो.

दुपारी मुलगा कामावर गेला. तिनं मला ताटात पेज वाढली, समोर बसली आणि दाराकडे बोट केलं.

"तुमाले ही उगवती वाटते ना?"

मी चमचा खाली ठेवला. नाही म्हणायचं मनात होतं. पण तिच्याकडे बघितल्यावर जमलं नाही.

"हाव," मी म्हटलं. "आलो तवापासून. मले वाटलं, ऑपरेशनमधी डोक्याचं काही झालं."

"डोक्याचं काही नाही. दिशा फिरली. माही बी फिरली होती."

"कवा?"

"लगीन होऊन आली तवा. तोंडावर पदर, गाडी कुठून वळली मले काय दिसते. सकाळी पाहिलं तं सूर्य गोठ्यामागून निघाला. मले तं ती बुडती वाटे."

मी विचारलं, मग सरळ कधी झाली. ती जरा हसली. तिच्या हसण्यात चेष्टा नव्हती.

"कुठी झाली? परवा घर सोडलं तवा बी तसंच होतं. सासूबाई म्हणत, उगवतीच्या बांधीत जा. मी मनात उलटवून घेवो, मंग पाय उचलो."

"इतके साल? मले काहून नाही सांगितलं?"

"कोणाले सांगू? सारं गाव म्हणे सूर्य बराबर आहे."

मला एक जुनी गोष्ट आठवली. नवी नवरी असताना ती एकदा न्याहारी घेऊन भलत्याच बांधीत गेली होती, आणि रोवणाऱ्या बायका दिवसभर हसल्या होत्या. मीही हसलो होतो. पुढे ती कधी चुकली नाही, म्हणून आम्ही ते विसरलो. शिकली, असं आम्ही समजलो. ती शिकली नव्हती, दर वेळी उलटवून घेत होती. मी मीठ मागितलं तेव्हा, गुरं कुठे गेली विचारलं तेव्हा, माझी पाठ खाजवतानासुद्धा. मी काही महिन्यांत मेटाकुटीला आलो होतो. तिचा तर सबंध संसार तसाच झाला होता आणि शेजारी झोपणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

मला एकदम विचारावंसं वाटलं, आणि विचारताना भीतीही वाटली.

"अन् इथं?"

तिनं माझं ताट पुढे सरकवलं, पेज थंड होते म्हणाली. मग उठता उठता म्हणाली, "इथं बराबर आहे. पयल्याच दिवशी. माहेरी सूर्य निघे, तसाच निघाला."

त्या संध्याकाळी तिनं जुन्या लुगड्याच्या काठाची एक चिमुकली पिशवी शिवली, तिच्यात गोळ्या घातल्या आणि ती माझ्या कमरेच्या करदोड्याला गाठ मारून बांधली. आमच्याकडचे म्हातारे तिथं पेटीची किल्ली बांधतात. गाठ ओढून बघत ती म्हणाली, आता तुमाले उगवती नको अन् बुडती नको. मला हसू आलं, आणि हसताना टाके ओढले म्हणून उशी शोधावी लागली.

मुलगा आला तेव्हा मी त्याला सांगितलं की गोळी जागेवरच होती, मीच भलत्या खिडकीत पाहिलं, आईला बोललास ते परत घे. दिशेचंही सांगितलं. तो गांगरून एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला. नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावू काय म्हणाला. आई म्हणाली, लावू नको, हात धुवून जेवाले बस. तो बसला. जेवताना त्यानं खाली मान घालून आईला काहीतरी म्हटलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. तिनं त्याला आणखी भात वाढला.

पुढच्या रविवारी त्यानंच विषय काढला. मृग लागला होता. धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता, पऱ्हे टाकायची वेळ झाली, खुर्ची कुठे टाकायची ते सांग म्हणून त्यानं माझी गंमतही केली होती. मुलगा म्हणाला, बाबा, बोललो तसं करतो, सोमवारची सुट्टी घेतली, सकाळी निघू, तुमचे कपडे भरून ठेवा. बायको स्वयंपाकघरात होती. सकाळची वेळ, आंघोळ करून तिनं तांब्या भरला होता आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हासमोर डोळे मिटून उभी होती. गावाला अंगणात ती असंच रोज सूर्याला पाणी देत असे. मी कित्येकदा पाहिलं होतं. तेव्हा आधी मनात उलटवून घ्यायचं आणि मग हात जोडायचे, असं चाललेलं असायचं. आत आमचं बोलणं ऐकू जात होतं. तिनं वळून पाहिलं नाही. मी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुमी म्हणाल तसं.

मला गावाला जायचं होतं. आजही आहे. बोडीत पाणी किती चढलं असेल, भावानं धुरे बांधले की नाही, हे मनातून जात नाही. मी मुलाला म्हटलं, या साली राहू दे. भाऊ रोवेल. नागपूरले जायाले इथूनच बरं पडते.

"पक्कं काय, बाबा?"

"हाव."

स्वयंपाकघरात तांब्या ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

माझी दिशा अजून सरळ झालेली नाही. सूर्य अजूनही मागून निघतो, नागपूरची गाडी अजूनही गोंदियाला जाते. त्या रविवारी दुपारी जेवून पलंगावर आलो तर उशी तिनं मांडलेल्या टोकाला होती. मी ती उचलायला हात घातला, आणि मग तशीच राहू दिली. आडवा झालो. पाय दक्षिणेला गेले. ते मी तसेच ठेवले.